ऑटोमुक्त तांबेदरा

"काकी, पट्टा घातलास, पण परवान्याचा बिल्ला कुठंय?"

सुलाकाकी थांबली. हातातली बॅटरी तिनं माझ्या तोंडावर मारली. "नगरपालिका झाली का आपल्याकडं?"

दिवस मावळत होता. मी ओट्यावर पाय सोडून बसलो होतो आणि ती विहिरीकडं निघाली होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा. पट्ट्याला बाहेरच्या अंगानं खिळे. असे पट्टे आमच्याकडं कुत्र्यांना घालतात. बिबट्या पहिल्यांदा मान धरतो, म्हणून. बाईच्या गळ्यात मी तो पहिल्यांदाच पाहत होतो.

"केला कुणी?"

"शिवला मीच. खिळे लोहारानं ठोकले. फाट्यावर तयार मिळत होते, पण ते अल्सेशियनच्या मापाचे. दिसते कशी?"

"कुणीतरी राखणीला ठेवल्यासारखी."

ती हसली. आमच्या भावकीत माझ्या विनोदांना मनापासून हसणारी ती एकटीच होती, त्यामुळं मी तिच्यावर जास्त करायचो.

"पण गावात तुलाच एकटीला भीती कशी गं? बाकी कुणाच्या गळ्यात काही दिसत नाही."

"बाकीच्यांना तो ओळखतो," ती म्हणाली आणि उसाच्या बांधानं निघून गेली.

हे उत्तर मला फार आवडलं. पुढं एका लग्नात आणि दोन वाढदिवसांत मी ते स्वतःचं म्हणून वापरलं. त्या काळात मी सूत्रसंचालन करायचो. साखरपुडे, बैलगाडा शर्यती, निरोप समारंभ, एकदा तर दशक्रियाही. पदवी झालेली होती, नोकरी होत नव्हती, आणि माईक हातात आला की माझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. लोक त्यालाच हसायचे.

तांबेदऱ्याच्या शिवाराला वीज रात्री दहानंतर यायची. शहरं झोपली की उरलेली आमच्याकडं. ऊस रात्री प्यायचा आणि उसातला बिबट्याही रात्रीच फिरायचा, म्हणजे तिघांची पाळी एकच. सुलाकाकीचा नवरा भाजीचा टेम्पो घेऊन रात्रीचा वाशीला जायचा, म्हणून मोटार चालू करायला काकीच जाई. तिचं रान घरामागंच होतं, पाणी वळवायला काही त्रास नाही. पण विहीर पार ओढ्याकाठी, दोन्ही बाजूंना ऊस. अंधारात तिकडं जायला नको म्हणून ती दिवस मावळतानाच जायची, मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत आतून कडी लावून बसायची आणि वीज आली की बटण दाबून परतायची. परतताना अर्थातच अंधार असायचा.

पूर्वी तिला असं जावं लागत नसे. पूर्वी तिच्याकडं ऑटो होता.

ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची छोटी डबी. वीज आली की मोटार आपोआप चालू होते, माणूस घरी झोपलेला असला तरी चालतो. शिवारात सगळ्यांकडं ऑटो होते. त्यामुळं वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठायच्या आणि आमची डीपी जळायची. ट्रान्सफॉर्मरला आम्ही डीपी म्हणतो. नवी डीपी यायची, आम्ही नारळ फोडायचो, ती जळायची. तिच्यावर माझा एक छान विनोद होता, नव्या सुनेसंबंधी. तो आता सांगत नाही.

मग गायरानावर सौर प्रकल्प आला. निळ्या पाट्या, भोवती तारेचं कुंपण, आत बकऱ्या. त्याची वीज आमच्या शेतीच्या लाइनला दिवसा मिळणार होती. ऊन असताना पाणी. कडी लावून बसायला नको, बॅटरी नको, काठी नको. त्यासाठी वीज कंपनीच्या वाघचौरे मॅडम गावात आल्या. माझ्याहून पाचेक वर्षांनीच मोठ्या असतील. देवळाच्या सभामंडपात त्यांनी एकच अट घातली.

"ऑटो काढायचे. सगळ्यांनी. सोलरला ढग आला की सप्लाय खाली येणार, मोटारी बंद पडणार. ढग सरकला की सप्लाय परत येणार, आणि तुमचे ऑटो सगळ्या मोटारी एका झटक्यात उचलणार. उठताना मोटार कितीतरी पट करंट ओढते. रात्री एकदा होतं ते दिवसातून चारदा होईल. डीपी टिकणार नाही."

सरपंच भोर अण्णांनी बराच विचार केला. "मॅडम, ढगांचं काही करता येणार नाही?"

"नाही."

"मग ऑटोंचंच बघावं लागंल."

डीपी समितीचे अध्यक्ष माझे वडील, तात्या. ते उठले आणि म्हणाले, "एकाच्या आळसापायी सगळ्या शिवारानं अंधारात मरायचं का? भैरवनाथापुढं बेलभंडार उचलू. जो ऑटो ठेवील तो गावाचा नाही."

सगळ्यांनी बेलभंडार उचलला. मीही उचलला, खरं तर मला मोटार चालू करता यायची नाही.

त्याच आठवड्यात मी माझा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला फाट्यावर नेला. अल्ताफभाई जळक्या मोटारींची तार नव्यानं भरतो, त्याच्याकडं सगळंच दुरुस्त होतं.

"तुमच्या गावात म्युझियम काढताय का?" तो म्हणाला.

"का?"

"जळके ऑटो मागायला येतायत लोक. भंगारातले. एकाला मी चांगला चालू दाखवला, तर म्हणतो नको, जळकाच दे."

"आमच्या गावाला चालू वस्तू पचत नाही," मी म्हणालो.

आम्ही दोघं खूप हसलो. त्यानं चहा पाजला. मी चहा प्यायलो, ॲम्प्लिफायर उचलला आणि घरी आलो. डोक्यात दुसरं काही आलं नाही. विनोद जमला की माझं डोकं तिथंच थांबायचं.

ऑटो जमा करायचा कार्यक्रमही मीच चालवला. कांद्याची गोणी उघडी धरलेली, एकेक शेतकरी येऊन डबी टाकतोय, मागं मी तयार केलेला फलक : 'ऑटोमुक्त तांबेदरा'. तात्यांनी पहिला टाकला. सुलाकाकीची पाळी आली तेव्हा तिच्या डबीवर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तसंच होतं आणि तारेत झेंडूचं वाळकं फूल अडकलेलं.

"पुसून टाकू का?" तिनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "गोणीत देव असलेला बरा."

दिवसाची वीज चार दिवसांत सुरू होणार होती. पण उद्घाटनाला प्रमुख पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांना तारीख हवी होती. तारीख पडायची, पुढं जायची, पुन्हा पडायची. दिवाळी झाली, थंडी पडली. वीज रात्रीचीच राहिली, ऑटो गोणीत राहिले. मधल्या काळात काकीनं पट्टा शिवला.

पाहुणे शेवटी आलेच नाहीत. त्यांचा संदेश आला, तो मी त्यांच्याच आवाजात वाचून दाखवला आणि टाळ्या मिळवल्या.

मांडव शाळेच्या मैदानात होता, शिवाराला लागूनच. खुर्च्यांवर सगळं गाव, माणसं शेतात नकोत म्हणून मुद्दाम. स्टेजवर वाघचौरे मॅडम, भोर अण्णा, तात्या. सगळ्यांच्या अंगावर शाली. बांबूला एक बल्ब बांधलेला, त्याची तार शेतीच्या लाइनवरून घेतलेली. दिवसाची वीज आली की बल्ब लागणार. मग पाच-पाच जणांनी आपापल्या पाळीनं विहिरीवर जायचं आणि हातानं मोटार चालू करायची, असं ठरलं होतं.

आधी सुलाकाकीचा सत्कार. सुताराकडून आम्ही काचेची फ्रेम करून घेतली होती. काकीनं गळ्यातला पट्टा काढून त्यात ठेवला, सुतारानं मागून स्क्रू आवळले. खाली मी लिहिलेली पट्टी : 'इतिहासजमा'. ती फ्रेम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार होती. भोर अण्णांनी साडी दिली.

तात्या माईकवर आले. "ऑटो काढल्यापासून सुला रोज त्या ओढ्याला जाते. बाईमाणूस. पण शब्द मोडला नाही. गावानं हिचा आदर्श घ्यावा."

गावानं जोरात टाळ्या वाजवल्या. काकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लाजली होती, पण खूश होती. "आता दुपारचं जाईन," ती माईकच्या बाहेर मला म्हणाली. "डबा घेऊन जाईन. उन्हात बसीन जरा."

मॅडमनी सबस्टेशनला फोन लावला. "हो, लाइन चार्ज करा."

बल्ब लागला.

टाळ्या. हलगी. मी हात वर करून सगळं थांबवलं. मला एक सुचलं होतं.

"मंडळी, आता ऐका. लाइट आलेली आहे आणि एकही मोटार चालू नाही. ही शांतता ऐका. ही ऑटोमुक्तीची शांतता आहे."

गाव शांत झालं. मॅडमनी मान डोलावली. शांतता खरंच सुंदर होती.

ऑटोला थोडा दम असतो. वीज आली की तो लगेच मोटार चालू करत नाही, जरा वेळ घेतो. हे मला माहीत नव्हतं. गावाला माहीत होतं. मला नंतर आठवलं की त्या शांततेत पुढच्या दोन रांगा खाली मान घालून बसल्या होत्या.

पहिली मोटार डाव्या बाजूला उठली. कुणीतरी खोकलं, जणू खोकल्यानं ती झाकली जाणार होती. मग दुसरी. मग मोजता येईनात. चारी बाजूंनी शिवार घुमायला लागलं आणि मांडवात एक माणूस जागचा हलला नाही. मोटारींचे सगळे मालक माझ्यासमोर हार घालून बसले होते.

आमच्या मोटारीचं बेअरिंग गेलेलं होतं. ती बकरीसारखी ओरडायची. घरी तिला आम्ही बकरीच म्हणायचो. एवढ्या आवाजात ती वेगळी कळली. मी तात्यांकडं पाहिलं. ते शालीची दशी सोडवत होते.

स्टेजमागं भोर अण्णांचं रान. त्यांच्या पाइपाचं तोंड तिथंच पडलेलं. पाणी आलं, स्टेजखालून निघालं आणि पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली पोचलं. वाघचौरे मॅडमनी शांतपणे पाय वर घेतले. त्या कुणाकडं पाहत नव्हत्या. त्या फक्त बल्बकडं पाहत होत्या. बल्ब पिवळा झाला, लाल झाला.

मग डीपीकडून धडाका आला. काळा धूर सरळ वर गेला. बल्ब विझला, मोटारी एकेक करून गप्प झाल्या, बकरी सगळ्यांत शेवटी. आणि मघाचीच शांतता पुन्हा पसरली.

सगळं गाव माझ्याकडं पाहायला लागलं. माईक माझ्या हातात होता. एवढ्या माणसांनी इतक्या आशेनं माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

"पाहुण्यांना विनंती," मी म्हणालो, "आपापले पाय वरच ठेवावेत. ठिबक सिंचनाचं प्रात्यक्षिक संपलेलं नाही."

गाव हसलं. असं हसलं की मांडवाचं कापड हललं. भोर अण्णा डोळे पुसत हसले, माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसली. हसता हसता सगळे उठले, चपला शोधायला लागले, आणि कुणी कुणाला काही विचारायची वेळच राहिली नाही.

सुलाकाकी हसली नाही. तिला विनोद कळला नसावा असं मला क्षणभर वाटलं. नवी साडी भिजू नये म्हणून ती छातीशी धरून उभी होती आणि एकेका दिशेला पाहत होती. ही भोरांची विहीर. ही गाडग्यांची. ही आमची. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. अवघड प्रश्न पडलेल्या माणसासारखं.

मॅडमनी पुन्हा फोन लावला. "दिवसाचा सप्लाय होल्ड करा. तांबेदरा जुन्या वेळापत्रकावर. हो, रात्रीचं." फोन ठेवून त्या अण्णांना म्हणाल्या, "नवी डीपी मिळेल. दिवसाच्या विजेचं पुढच्या वर्षी बघू. मी दुसऱ्या गावाचा नंबर लावते."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "मॅडम, जेवून जा. गुलाबजाम आहेत."

"नको."

"असं कसं. आमच्या गावाची रीत आहे."

त्या जेवल्या. गावानं आग्रह करकरून त्यांना वाढलं. चौथा गुलाबजाम त्यांच्या ताटात पडला तेव्हा मी तिथून उठलो.

घरी तात्या शालीची घडी घालत होते.

"बकरी ओरडली," मी म्हणालो.

"ऐकलं."

"गोणीत टाकला तो अल्ताफकडचा?"

"सगळेच ठेवणार हे ठाऊक होतं रे. मी एकट्यानं काढून डीपी वाचणार होती का?"

"काकीनं काढला."

"तिनं कुणाला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं की." तात्यांनी शाल कपाटात ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मात्र छान सांभाळून घेतलंस आज."

माझ्या सूत्रसंचालनाबद्दल ते आयुष्यात एवढं एकच चांगलं बोलले.

नवी डीपी आली. ट्रॅक्टरवरून, हार घालून. नारळ फुटला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, घसा बसलाय म्हणालो. त्याच संध्याकाळी सुलाकाकी आमच्या दारात आली.

"हेम्या, पंचायतीची किल्ली तुझ्याकडंच असते ना? माझा ऑटो त्या गोणीत हाये. काढून दे."

तात्या आतून बाहेर आले. आम्ही तिघं पंचायतीत गेलो. फ्रेम भिंतीवर लागलेली होती, गोणी तिच्या बरोबर खाली. मी गोणी फरशीवर ओतली.

काळ्या पडलेल्या डब्या. फुटलेल्या, वितळलेल्या, एकीत तर आतलं काहीच नाही, नुसतं टरफल आणि त्यात पालीची अंडी. काकी वाकून पाहत होती. आम्ही एकेक उचलून बाजूला ठेवत होतो आणि प्रत्येक वेळी ती म्हणत होती, "हा नव्हं." मुद्दाम नाही. तिला तिचाच शोधायचा होता. एक डबी तात्यांनी चटकन उचलून ढिगाच्या तळाशी सरकवली. ती कुणाची ते मी विचारलं नाही.

हळदकुंकवाची डबी तळाशी सापडली. झेंडूचं फूल अजून तारेत होतं. सगळ्या गोणीत धड असलेली ती एकच होती.

"भाऊजी, तुम्ही बसवून द्याल का?" काकी तात्यांना म्हणाली. "मला जोडता येत नाय. तुमचा हात बसलाय."

तात्यांनी खिशातून टेस्टर काढला. "चल."

"पट्टा काढून देऊ का?" मी फ्रेमकडं बोट केलं.

"राहू दे. ऑटो बसल्यावर कशाला लागतोय." थोडं थांबून ती म्हणाली, "सैल करता येतो तो. कुणालाबी बसंल."

आम्ही उसाच्या बांधानं निघालो. काकी पुढं, तात्या मधे, मी मागं. दर थोड्या अंतरावर कुणाच्या तरी विहिरीकडं वाट फुटायची. म्हणजे फुटायला हवी होती. भोरांच्या वाटेवर गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. गाडग्यांच्या वाटेवर घाणेरीचं झुडूप. आमची वाट मला ओळखू आली नाही, फक्त तात्यांनी त्या ठिकाणी चालण्याचा वेग वाढवला म्हणून कळली. तिथून कित्येक दिवसांत कुणी गेलंच नव्हतं. काकीच्या विहिरीची वाट तेवढी होती. पायानं घासून घासून सारवल्यासारखी गुळगुळीत, दोन्ही उसांच्या मधून सरळ ओढ्यापर्यंत.

पत्र्याच्या खोलीत एक पोतं अंथरलेलं होतं. पाण्याचा तांब्या. दाराला कडीच्या जोडीला आतून आडवी लावायची लाकडी दांडी. दार उघडताना मला बाहेरच्या पत्र्यावर, खालच्या बाजूला, चार ओरखडे दिसले. रंग खरवडून आतलं लोखंड चमकत होतं.

तात्यांनीही पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी काकीच बोलली.

"ते जुनं हाये."

तात्या खाली बसले आणि स्टार्टरचं झाकण उघडायला लागले. आत उजेड नव्हता, म्हणून काकीनं तिची बॅटरी माझ्याकडं दिली. तात्यांचा टेस्टर स्क्रूवरून सारखा घसरत होता. बराच वेळ तेवढाच आवाज होता. काकीला ते अवघड झालं असावं. घरी आलेल्या माणसानं असं गप्प बसलेलं तिला आवडत नसे.

"हेम्या, बोल की काहीतरी. आज एवढा गप्प का?"

टेस्टर थांबला. तात्यांनी मान वर केली नाही, पण तेही वाट पाहत होते.

मी शोधलं. पोत्यावर, तांब्यावर, दांडीवर, ओरखड्यांवर.

"काही सुचत नाही, काकी."

"मग बॅटरी तरी नीट धर," ती म्हणाली. "भाऊजींना दिसंना."